नाना शंकरशेट: रेल्वे आणली, पण मराठीची लढाई अर्धीच राहिली



आपण इथे नेहमी प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा, फाइव्ह-जी यांच्याबद्दल बोलतो. आज एका माणसाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यांना जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली आहेत. नाव तुम्ही ऐकलेलं असणार. ग्रँट रोडला उतरलात की बाहेर नाना चौक लागतो. गिरगावातून जाणारा मोठा रस्ता जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचा आहे. मेट्रो तीनवर मुंबई सेंट्रलला जे भुयारी स्थानक आहे, त्यालाही हेच नाव दिलंय. शाळेत एका ओळीत शिकवतात की हे मुंबईचे शिल्पकार, यांनी रेल्वे आणली. मग लगेच पुढचा धडा.

त्या एका ओळीत अर्धीच गोष्ट येते. नानांनी आयुष्यभर दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक म्हणजे वाफेवर चालणारी गाडी आपल्याकडे यावी. दुसरी म्हणजे असली यंत्रं ज्या शास्त्रावर चालतात ते इथल्या मुलांना त्यांच्या भाषेत, म्हणजे मराठीत, शिकता यावं. पहिली गोष्ट झाली. दुसरीचं काय झालं हे कळलं की आपल्याकडे आजही एखादं यंत्र विकत घेतलं तर त्याचं माहितीपुस्तक मराठीत का नसतं, याचं थोडंफार उत्तर मिळतं.

मी महापेला नोकरी करतो. ज्यांना महापे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, घणसोली आणि कोपरखैरण्याच्या पूर्वेला हा भाग आहे. एका बाजूला एमआयडीसीचे जुने कारखाने, मध्ये मिलेनियम बिझनेस पार्क, आणि अधूनमधून डेटा सेंटरच्या इमारती. मागे पारसिकचा डोंगर. त्या डोंगरावरून शिळफाट्याला उतरलं की रस्ता कल्याणला जातो आणि कल्याणहून पुढे मुरबाडला. नानांचा जन्म त्या मुरबाडचा.

मुरबाडचे मुरकुटे

पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३. दैवज्ञ ब्राह्मण घराणं, सावकारी आणि व्यापार पिढीजात. घराणं मुंबईत येऊन आधीच चांगलं स्थिरावलं होतं. नानांना घरीच शिक्षक ठेवून शिकवलं गेलं, त्यात इंग्रजीही आलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नानांना इंग्रजी चांगलं येत होतं.

१८२२ साली वडील गेले. नाना तेव्हा १९ वर्षांचे. आजच्या हिशोबाने कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला मुलगा, आणि अंगावर अख्खी पेढी. त्यांनी ती नुसती सांभाळली नाही, वाढवली. त्यांच्या चरित्रांत असं सांगतात की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा बँकेपेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करायचे. तेव्हा आजच्यासारखं रेटिंग किंवा रिव्ह्यू नव्हते. माणसाचा शब्द हेच रेटिंग.

श्रीमंत माणसं तेव्हाही पुष्कळ होती. नानांचं वेगळेपण पैसा कुठे लावला यात आहे. वडील गेले त्याच सुमाराला मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकं तयार करणारी एक संस्था उभी राहत होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. नाना विशीतच या कामात पडले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत जायला निघाले तेव्हा त्यांच्या नावाने निधी जमवला गेला. दोन लाख रुपयांच्या वर. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली, जिचं आजचं रूप म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेज. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड हे तिथलेच विद्यार्थी. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र मानलं जाणारं 'दर्पण' १८३२ साली काढणारे बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवायचे.

१८४९ च्या सुमाराला एल्फिन्स्टनच्याच तरुण मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. त्यासाठी जागा हवी होती, आणि मुलींच्या शाळेला भाड्याने जागा देण्याची हिंमत फार थोड्यांकडे होती. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यातच जागा दिली. समाजातल्या लोकांनी नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली.

रेल्वेचं गणित: फायदा कंपनीचा, तोटा कोणाचा?

आता टेक्नॉलॉजीकडे वळू.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली होती. म्हणजे १८४० नंतर मुंबईत रेल्वेची चर्चा सुरू झाली तेव्हा ते तंत्रज्ञान जेमतेम दहा-बारा वर्षांचं होतं. आपल्याकडे स्मार्टफोन येऊन जितकी वर्षं झाली, त्याहूनही कमी. मुंबई बेटावरून माल आत नेणं म्हणजे बैलगाडी, होडी आणि घाट. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला यायचा, वाटेत भिजायचा, सडायचा.

१८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी एक समिती बनली. तिच्यात नाना होते, सर जमशेटजी जीजीभाई होते. त्याच काळात लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नावाची कंपनी आकाराला येत होती. हीच ती जीआयपी, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. मुंबईतली मंडळी पुढे तिच्याशी जोडली गेली. कंपनीच्या दहा संचालकांत हिंदी माणसं दोनच होती, जमशेटजी आणि नाना.

पैसा कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यातला डाव आजही चालतो. लंडनचा गुंतवणूकदार विचारायचा, की समुद्रापलीकडच्या देशात, जिथे रेल्वे कोणी पाहिलेलीही नाही, तिथे माझा पैसा बुडाला तर? म्हणून १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने करार केला. जमीन फुकट. शिवाय गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के परताव्याची हमी. सुरुवातीचं भांडवल पाच लाख पौंड, म्हणजे तेव्हाचे साधारण ५० लाख रुपये.

सोपं उदाहरण घ्या. तुम्ही रेल्वेत १०० रुपये टाकले. रेल्वेने वर्षाला ३ रुपये कमावले, तर उरलेले २ रुपये सरकार देणार. सरकारचा पैसा कुठला? इथल्या शेतकऱ्याने भरलेला शेतसारा. रेल्वेला काहीच कमाई झाली नाही तरी तुमचे ५ रुपये पक्के. अशा वेळी खर्च आटोक्यात ठेवायची घाई कंपनीला कशाला असेल? या हमीच्या पद्धतीवर पुढे दादाभाईंसारख्यांनी भरपूर टीका केली, आणि ती योग्यच होती. गाडी सगळ्यांसाठी, फायदा भागधारकांचा, तोटा शेतसारा भरणाऱ्याचा.

नाना या व्यवस्थेच्या आत बसलेले होते, संचालक म्हणून. त्यांना निव्वळ संत करून टाकायचं असेल तर ही गोष्ट झाकावी लागते, आणि ती झाकायची मला इच्छा नाही. ते व्यापारी होते आणि रेल्वे आली तर व्यापाऱ्यांचा फायदा होता. पण माझं मत विचाराल तर त्या खोलीत दोन हिंदी माणसं असणं हे एकही नसण्यापेक्षा बरं होतं.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. रुळांमधलं अंतर किती ठेवायचं, यावर तेव्हा बराच वाद झाला. इंग्लंडमध्ये ४ फूट साडेआठ इंच चालायचं. आपल्याकडे ठरलं ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. चार्जिंगचं पोर्ट एकदा ठरलं की हजारो चार्जर, केबल, पॉवरबँक त्याच मापाच्या बनतात आणि मग ते बदलणं जवळजवळ अशक्य होतं, तसंच हे. ठाण्याहून वाशीकडे येणारी आपली ट्रान्स हार्बर लोकल २००४ साली सुरू झाली. तीही त्याच १६७६ मिलिमीटरवर धावते.

१८४७ चा वाद

रेल्वेचे कागद इकडून तिकडे फिरत होते त्याच वर्षांत नाना आणखी एका टेबलावर भांडत होते. ही लढाई फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

१८४० मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार पाहायला एक शिक्षण मंडळ नेमलं गेलं. सात जण, त्यात तीन हिंदी. नाना पहिल्यापासून त्यात होते आणि पुढे जवळपास सोळा वर्षं राहिले. १८४३ मध्ये मंडळाच्या अध्यक्षपदी आले सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. हुशार माणूस, शिक्षणाबद्दल मनापासून तळमळ असलेला. पेरींचा हिशोब असा होता: पैसा थोडा आहे. थोड्या पैशात सगळ्यांना थोडंथोडं शिकवण्यापेक्षा निवडक मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवावं. ती शिकली की ज्ञान त्यांच्याकडून हळूहळू खाली झिरपेल. शिवाय मराठी-गुजरातीत वरच्या शिक्षणाची पुस्तकं आहेतच कुठे?

नानांनी याला लेखी विरोध केला. १८४७ सालचं त्यांचं ते टिपण प्रसिद्ध आहे. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा, की लाखो लोक इंग्रजी शिकतील हे कधी होणार नाही. इंग्रजी ज्याला हवं त्याने जरूर शिकावं, पण सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्या भाषेतच न्यावं लागेल. पुस्तकं नाहीत तर ती बनवावीत, भाषांतरं करावीत.

आता मघाची गोष्ट आठवा. नानांना स्वतःला इंग्रजी येत होतं. इंग्रजीमुळेच ते गव्हर्नरशी बोलू शकत होते, संचालक मंडळात बसू शकत होते. इंग्रजी फक्त मोजक्या लोकांकडे राहिलं तर त्यांचा स्वतःचा तोटा काहीच नव्हता, उलट भाव वाढलाच असता. तरी ते दुसऱ्या बाजूने उभे राहिले.

ते एकटे नव्हते. फ्रामजी कावसजी आणि मोहम्मद इब्राहिम मकबा हे बाकीचे दोन्ही हिंदी सभासद त्यांच्यासोबत होते. एक पारशी, एक कोकणी मुसलमान, एक दैवज्ञ ब्राह्मण, तिघांचं एकमत. आणि चौथे होते जॉर्ज जर्व्हिस. हा माणूस लष्करातला इंजिनिअर. जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकातच शास्त्र्यांना सोबत घेऊन गणित-भूमितीची पुस्तकं मराठीत आणली होती आणि तरुणांना मोजणीचं, बांधकामाचं शिक्षण देशी भाषांतून दिलं होतं. म्हणजे मराठीत इंजिनिअरिंग शिकवता येतं का, हा प्रश्न निदान जर्व्हिस यांच्यापुरता सुटलेला होता. त्यांनी ते करून पाहिलं होतं.

वाद सरकारकडे गेला. सरकारने दिलेलं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं समाधान देणारं होतं, आणि प्रत्येक बाजूने त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला. प्रत्यक्षात घडलं ते असं: प्राथमिक शाळा मराठीत राहिल्या, वरचं शिक्षण इंग्रजीत गेलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. नाना त्याच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. पण १८६० च्या दशकात त्याच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. ती परत आत यावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना पुढे कित्येक वर्षं भांडावं लागलं.

पेरी वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. पुस्तकं नाहीत हा त्यांचा मुद्दा खराच होता. पण शिकवायचंच नाही ठरलं तर पुस्तकं लिहिणार कोण आणि छापणार कोण? याच मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मराठी पंचांग छापलं होतं. छापखाना होता, टाइप होते, शिकलेले शास्त्री होते. कमी होती ती मागणीची. आज एखाद्या अ‍ॅपला मराठी का नाही असं विचारलं की वापरणारे कमी आहेत असं सांगतात, आणि वापरणारे कमी का तर अ‍ॅप मराठीत नाही म्हणून. चक्र तेच आहे.

शनिवार, १६ एप्रिल १८५३

ही तारीख तुम्हाला पाठ असेल. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमाराला गाडी सुटली. १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. २१ तोफांची सलामी. पाहुण्यांमध्ये नानाही होते. ठाण्यापर्यंतचं ३४ किलोमीटरचं अंतर गाडीने साधारण तासाभरात कापलं. आजच्या स्लो लोकलला सीएसएमटी ते ठाणे किती वेळ लागतो ते मोजून बघा, म्हणजे गंमत कळेल.

आपण ज्याला सीएसएमटी म्हणतो ती भव्य इमारत तेव्हा नव्हती. ती पुरी व्हायला अजून ३५ वर्षं होती.

१ मे १८५४ ला गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. खाडीवर पूल आणि मुंब्र्याजवळ डोंगरात बोगदे. आमच्या महापेच्या मागचा जो पारसिकचा डोंगर, त्याच्याच उत्तर टोकाला ही खोदाई झाली. डोंगराच्या अलीकडे, आज जिथे सर्व्हरच्या रांगा आहेत, तिथे तेव्हा आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती आणि मिठागरं. नानांच्या मुरबाडहून मुंबईला निघालेल्या माणसाला आता कल्याणला आलं की गाडी मिळत होती.

पुढे बोरघाट आला, १८५६ ते १८६३. तिथे बोगदे खोदताना सुरुंगाने, पटकीने, तापाने हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. इंजिन चालवणारे ड्रायव्हर सुरुवातीची बरीच वर्षं गोरे होते, इंग्लंडहून आणलेले. यंत्र कसं चालतं हे समजावून सांगणारी भाषाही त्यांच्यासोबतच आली आणि त्यांच्यापाशीच राहिली. आपल्याकडचा माणूस कोळसा टाकायला, रूळ उचलायला. हे मला १८४७ च्या त्या वादापासून वेगळं काढता येत नाही.

अर्ज, संशय आणि शेवटची वर्षं

रेल्वे सुरू व्हायच्या आधीच, २६ ऑगस्ट १८५२ ला, मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. पश्चिम भारतातली ही पहिली राजकीय संस्था म्हणायला हरकत नाही. काँग्रेस यायला अजून ३३ वर्षं होती. नाना तिचे अध्यक्ष. भाऊ दाजी, दादाभाई, नौरोजी फर्दुनजी ही तरुण मंडळी सोबत. असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभाराचा खर्च अवाढव्य आहे, रस्ते-कालव्यांकडे लक्ष नाही, कायदे करताना इथल्या माणसाला कोणी विचारत नाही, अशा तक्रारी त्यात होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर युजरने थेट मुख्यालयाला पाठवलेला फीडबॅक. फरक एवढाच की तेव्हा असा फीडबॅक पाठवायला धाडस लागायचं.

त्याची किंमत पाच वर्षांनी दिसली. १८५७ चा उठाव झाला आणि मुंबईत सरकार प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागलं. त्या संशयाच्या यादीत नानाही आले. गव्हर्नरसोबत बसणारा, रेल्वेचा संचालक, विद्यापीठाचा फेलो, आणि त्याच्यावर पाळत. पुरावा काही सापडला नाही आणि प्रकरण मिटलं. पण त्या काळात त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो. व्यवस्थेच्या इतक्या आत जाऊनही तुम्ही बाहेरचेच.

१८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात पहिल्यांदा हिंदी सभासद नेमले गेले, त्यांत नाना होते. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता आणि शहराला शेअरचं वेड लागलं होतं. क्रिप्टोच्या तेजीच्या दिवसांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय वातावरण होतं ते आठवा, तसंच. युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १८६५ च्या जुलैमध्ये मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांच्या घरासारख्या पडल्या. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलै १८६५ ला, नाना गेले. वय ६२.

त्यांच्या नावाने मॅट्रिकला एक शिष्यवृत्ती सुरू झाली, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत तिचा दबदबा होता, सी. डी. देशमुखांनी ती मिळवली होती. ती कशासाठी मिळायची माहीत आहे? संस्कृतमध्ये पहिलं येण्यासाठी. मराठीसाठी भांडलेल्या माणसाच्या नावाची शिष्यवृत्ती संस्कृतची. वाईट काही नाही त्यात, पण मला दरवेळी थोडं हसू येतं.

मराठीत चार पानं

मी हे सगळं वाचायला लागलो ते कामामुळे. मध्यंतरी आमच्याकडे नवीन यूपीएस बसले. डेटा सेंटरमध्ये लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद बॅटरीवर काढावे लागतात, त्यासाठी हे मोठे यूपीएस. सोबत जाडजूड मॅन्युअल, सगळं इंग्रजीत. रात्रपाळीला ते सांभाळणारा मुलगा कर्जतकडचा, आयटीआय केलेला, हाताने अतिशय तयार. कुठला अलार्म वाजला की कुठलं बटण दाबायचं हे त्याने पाठ केलं होतं. पण का दाबायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी त्यातली महत्त्वाची चार पानं मराठीत लिहून काढली. इनपुट, बायपास, इन्व्हर्टर हे शब्द तसेच ठेवले, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसलो नाही. बाकी वाक्यं आपली साधी. म्हणजे, बायपासवर टाकलं की लोड सरळ मेन लाइनवर जातो, तेव्हा लाइट गेली तर मागे बॅटरी नाही, म्हणून हे काम जनरेटर तपासल्याशिवाय करायचं नाही, असं. दुसऱ्या दिवशी त्याने मला तीन प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता की मलाही तो कंपनीच्या इंजिनिअरला विचारावा लागला. दोन बॅटरी बँकांपैकी एक जुनी आणि एक नवी असेल तर चार्जिंग सारखं होईल का, असा तो प्रश्न होता. पाठ केलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. समजलेल्याला पडतो.

आता आपल्या हातात फोन आहे. देवनागरी त्यात आहे, बोलून टाइप करता येतं, भाषांतर करणारी अ‍ॅप्स आहेत. पेरींची अडचण, म्हणजे पुस्तकं नाहीत आणि पैसा नाही, ही आता जवळपास उरलेली नाही. तरी माझ्या ऑफिसातल्या मराठी मुलांपैकी बहुतेकांच्या फोनचा मेनू इंग्रजीत असतो. माझाही काल-परवापर्यंत होता. मराठी करून बघितला तर पहिले दोन दिवस काही सापडेना, मग सवय झाली. काही भाषांतरं भयंकर आहेत हे खरं, पण वापरणारे तक्रार करतील तेव्हाच ती सुधारतील. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग भाषा, तिथे मराठी वर ओढायची, एवढंच.

नानांचा संगमरवरी पुतळा बघायचा असेल तर फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे टाउन हॉलच्या इमारतीत आहे. आणि तेवढं लांब जायला वेळ नसेल तर ठाणे स्टेशन आहेच, १८५३ ची ती पहिली गाडी जिथपर्यंत आली ते. तिथे नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर सुटते. ऐरोली, रबाळे, मग घणसोली. घणसोलीला पूर्वेकडे उतरलं की महापेला रिक्षा मिळते.